पाचोळ्याची बेगमी

माघ लागला की आमच्या गल्लीत दोन आवाज हमखास ऐकू येतात. पहिला खराट्याचा, सकाळी साडेसहाचा. दुसरा त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आमच्याच घरातला. अण्णांच्या खोकल्याचा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. दम्याचा त्रास जुना. खराट्याने पानं गोळा झाली की कोपऱ्यावर ढीग लागायचा, कुणीतरी काडी ओढायचं आणि रात्रीच्या दवाने ओलसर झालेला तो पाला पेट घेण्याऐवजी नुसताच धुमसत राहायचा. दोन-दोन तास. मी धावत जाऊन खिडक्या लावायची, सासूबाई ओवा गरम करायच्या आणि अण्णा पंप ओढून भिंतीला टेकून बसायचे. चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरातली माघ-फाल्गुनाची सकाळ ही अशी असायची.

आम्ही धायरीत राहतो. फाट्यावरून आत आलं की वस्त्यांची नावं वाचत जावं. रायकर मळा, गारमाळ. नावात मळा राहिला आणि जागेवर इमारती आल्या. आम्ही राहायला आलो तेव्हा घराच्या मागे ज्वारी उभी असायची आणि सोमवारी धारेश्वराला जाताना बांधावरून चालावं लागायचं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे महापालिकेत जी ११ गावं आली, त्यांत धायरीही होती. शहर झालं, पण आमच्या गल्लीतली बैठी घरं आणि त्यांची हातभर अंगणं अजून टिकून आहेत. प्रत्येक अंगणात काही ना काही आहेच. कुणाचा आंबा, कुणाचं सीताफळ, कुणाचा शेवगा. आणि आमच्या फाटकाशी आहे तो देशी बदाम. घराच्या वास्तुशांतीच्या आठवड्यात सासूबाईंनी हाताने लावलेला.

बदामाचं झाड ज्यांच्या दारात आहे त्यांना सांगायला नको. थंडी सरत आली की त्याची पानं लालभडक होतात, बघत राहावं अशी. आणि मग पडायला लागतात. एकेक पान तळहाताहून मोठं. आज झाडलं की उद्या पुन्हा तेवढंच. शेजारच्या घराच्या पागोळीत पानं, समोरच्यांच्या गाडीवर पानं, गटाराच्या जाळीवर पानं.

"झाडच काढून टाकू"

त्या वर्षी संक्रांतीनंतर गल्लीतली चार मंडळी आमच्या ओट्यावर बसली होती. विषय पानांचाच. पालापाचोळ्याची पोती कचऱ्याच्या गाडीत चालायची नाहीत, जाळलं तर अण्णांना त्रास, नाही जाळलं तर गटार तुंबतं. शेवटी एक काका सहज बोलून गेले, "एवढी कटकट कशाला? झाडच काढून टाकू. सावलीला काय, वर पत्रा घालता येतो."

सासूबाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या आत निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला कसंतरीच झालं. अण्णाही गप्प. कारण झाड राहावं म्हणावं, तर धूर त्यांच्याच छातीत जातो.

मीच बोलून गेले, "काका, या वर्षी पानं मी उचलते. सगळ्या गल्लीची. जाळायची नाहीत आणि झाडही काढायचं नाही."

"आणि ठेवणार कुठे?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण शब्द गेला तो गेला. (झाड तोडायला परवानगी लागते, हे मला नंतर समजलं. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं असलं तरी मनात आलं आणि कुऱ्हाड चालवली, असं करता येत नाही.)

दुसऱ्या दिवसापासून मी पानं पोत्यात भरायला लागले. तांदळाची, सिमेंटची, मिळतील ती पोती. महिन्याभरात चौतीस भरली! ती मागच्या भिंतीला ओळीने रचून ठेवली. मनात म्हटलं, आपोआप खत होईल.

काही झालं नाही. मे महिन्यात एक पोतं उघडलं तर आत पानं जशीच्या तशी. कडकडीत कोरडी, वाजणारी. तळाला मुंग्यांचं वारूळ आणि दोन पोत्यांना वाळवी. आमचे हे म्हणाले, "तू पाचोळा वाळवून ठेवलास की काय? पापडासारखा?"

ते थट्टेने बोलले, पण नेमकं तेच झालं होतं. कुजायला ओल लागते, हे साधं गणित मी विसरले होते.

सासूबाईंचा राब

त्या संध्याकाळी सासूबाई मागच्या दारी आल्या. त्यांचं माहेर मुळशी खोऱ्यातलं, भातशेतीचं. पोत्यातली मूठभर पानं हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाला कधी वाया जायचा नाही गं. राब भाजायचो आम्ही."

मावळात आणि कोकणात वाढलेल्या मैत्रिणींना राब माहीत असेल. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर देतात, वर माती टाकतात आणि ते हळूहळू भाजतात. पाऊस पडला की त्या राखेत भात पेरतात. तणाचं बी जळून जातं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, रोप तरारून वर येतं. पिढ्यान् पिढ्यांची ही रीत. म्हणूनच आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना पाला जाळण्यात काही वावगं वाटत नाही. त्यांच्या लेखी ते झाडाला खत घालणंच असतं.

"मग आई, आपणही जाळूनच घालूया का राख?" मी विचारलं.

त्यांनी आत अण्णांच्या खोलीकडे बघितलं. "तिकडे डोंगर होता, वारा होता. घरं लांब लांब होती. इथे भिंतीला भिंत आहे. तिकडचं तिकडे बरं, इकडचं इकडे."

माझा भाचा कृषी महाविद्यालयात शिकतो. तो आला तेव्हा त्याने आजीचं म्हणणं पुस्तकातून समजावून सांगितलं. पान जाळलं की त्यातला नत्र आणि कर्ब धुराबरोबर उडून जातो. हाती उरते ती मूठभर राख, म्हणजे थोडा पालाश, थोडा स्फुरद, चुना. पान कुजवलं तर कर्ब मातीत राहतो, आणि माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते ती या कर्बामुळेच. ऊसवाल्या शेतकऱ्यांनाही आता पाचट पेटवू नका, सरीत आच्छादन करा, असंच सांगतात.

आणि धूर? ओलसर पाला नीट जळत नाही, धुमसतो. त्या धुरात अगदी बारीक कण असतात, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरणारी काही रसायनं. थंडीच्या सकाळी गार हवा जमिनीलगत बसून राहते, वर उठत नाही. आमच्याकडे तर एका बाजूला डोंगर. मग तो धूर गल्लीतच फिरत राहतो. दम्याची माणसं, तान्ही बाळं, बाळंतिणी, यांच्या वाट्याला तो पहिला जातो. "शेकोटीने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी एकदा अण्णांची ती सकाळ बघायला हवी होती.

आपली पानगळ वेगळी

माझी नणंद न्यू जर्सीला असते. फोनवर तिला माझा उद्योग सांगितला तर ती हसली. "अगं, आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळी झाडं बोडकी होतात. लोक पानं कागदी पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात, किंवा वाफ्यांवर जाड थर पसरतात. बर्फ पडायच्या आत बाग पांघरून ठेवायची!"

इंग्रजी बागेच्या पुस्तकांत हेच असतं. शरदात पानं गोळा करा, हिवाळ्यासाठी बाग तयार करा. ते वाचून आपण तसंच करायला गेलो तर मात्र फसतो, कारण आपलं ऋतुचक्र वेगळं. आपल्याकडे पानगळ शिशिरात, म्हणजे थंडी संपता संपता. पानं पडली की समोर उभा असतो तो उन्हाळा. तिकडे पानांचं पांघरूण थंडीसाठी, इकडे उन्हासाठी.

पण आपल्यालाही हिवाळा आहेच की. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, सगळी नाजूक भाजी आपल्याकडे थंडीतच चांगली येते. त्या वाफ्याची माती कधी तयार करायची? तर दहा महिने आधी, आजच्या पाचोळ्यातून. चैत्रात आपण पापड-कुरडया घालतो, वर्षाचा मसाला कुटतो, चिंच फोडून ठेवतो. तशीच ही पाचोळ्याची बेगमी. पडली शिशिरात, कामाला आली पुढच्या हेमंतात.

असं करा

दुसऱ्या वर्षी मी आणि सासूबाईंनी मिळून जे केलं, तेच सांगते. यात काही मोठी विद्या नाही.

सर्वात आधी पानं निवडायची. रस्त्यावरचा पाला म्हटला की त्यात गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, काचा येतातच. हातमोजे घाला, आणि जुन्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. विंचू-काट्याची भीती खोटी नसते. भुरी किंवा करपा पडलेली पानं या ढिगात घालू नका, रोग पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

पानापानांत फरक असतो. गुलमोहर, शिरीष, कडुनिंब, शेवगा यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड, बदाम, रबर यांची पानं जाड, चिवट, वरून मेणासारखी. ती चिरडून किंवा तुकडे करून घातली तर बरं. मी बदामाची पानं फाटकात पसरून ठेवते. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली आली की आपोआप चुरा होतो! निलगिरीची पानं मात्र वेगळी ठेवावीत. त्यांतल्या तेलामुळे कोवळी रोपं नीट उगवत नाहीत.

ढिगासाठी जागा सावलीची हवी. आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणली आणि तिचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल पिंप केला. त्याहून लहान ढीग लवकर वाळतो आणि आतून तापत नाही. तळाला जाड काटक्या, म्हणजे हवा खेळते. मग वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा सडा, मग मूठ-दोन मूठ बागेतली माती. पुन्हा पाला, पुन्हा शेणकाला. शेण मिळत नसेल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा चालतो. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा. फक्त शिजवलेलं अन्न आणि तेलकट काही नको, त्याने उंदीर-घुशी येतात. ओला कचरा घातला की वरून पाला झाकायचा. उघडा ठेवला की चिलटं आलीच.

यामागचं कारण भाच्याने छान सांगितलं. कुजवणाऱ्या सूक्ष्म जिवांना कर्बही हवा आणि नत्रही. वाळक्या पानात कर्ब भरपूर पण नत्र फार थोडा. शेणात, हिरव्या कचऱ्यात नत्र जास्त. दोन्ही मिळून साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र झाला की काम भराभर होतं. मी म्हटलं, "म्हणजे नुसता भात खाल्ला तर पोट भरतं पण अंगी लागत नाही, वरण हवंच, तसं ना?" तो म्हणाला, "आत्या, तू परीक्षेला बस."

विरजण म्हणून जीवामृत घातलं तर उत्तम. घरगुती प्रमाण असं: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. बादली सावलीत झाकून ठेवायची, दिवसातून दोनदा काठीने ढवळायची. दोन-तीन दिवसांनी ढिगावर शिंपडायची. गाय-म्हैस नसलेल्या मैत्रिणींनी आंबट ताकात गूळ घालून शिंपडलं तरी आमच्या अनुभवाने चालतं.

ओल किती हवी, हा खरा प्रश्न. मूठभर पाला घट्ट पिळून बघा. हाताला ओल लागली, फार तर एखादा थेंब आला, तर ठीक. पाणी गळलं तर जास्त झालं, कोरडा पाला मिसळा. मुंग्या दिसल्या तर ढीग वाळलाय, पाणी शिंपडा. कुबट वास आला तर आत हवा नाही, उलथापालथ करा. बस, एवढी तीन लक्षणं कळली की झालं.

पंधरा दिवसांनी एकदा ढीग खाली-वर करायचा. शेणकाला घातलेला, वर-खाली केलेला ढीग तीन-चार महिन्यांत खत होतो. नुसतीच पानं ओली करून ठेवलीत, काहीच केलं नाहीत, तरी ती कुजतात. पण ते काम बुरशी करते आणि तिला घाई नसते. आठ महिने ते वर्ष लागतं. त्यातून मिळतं ते काळंभोर, हलकं, रानातल्या मातीचा वास येणारं पानखत. आम्ही दोन्ही करतो. एक ढीग घाईचा, एक निवांत.

चुका आणि त्यांची शिकवण

पहिली चूक पोत्यांची, ती सांगितलीच. दुसरी त्याहून मोठी. पोती फसली म्हणून मी त्या वर्षी दसऱ्याला कच्चाच पाला वाफ्यात खणून मिसळला आणि त्यावर मेथी टाकली. मेथी उगवली, पण पिवळी. दोन पानांवर थांबून राहिली. मला वाटलं बी वाईट. खरं कारण वेगळं होतं. कच्चा पाला मातीत मिसळला की तो कुजवण्यासाठी सूक्ष्म जीव मातीतलाच नत्र उचलतात आणि रोपं उपाशी राहतात. म्हणून कच्चा पाला नेहमी वर पसरायचा, खत झालेला पाला आत मिसळायचा. हे वाक्य मी फ्रीजवर चिकटवून ठेवलंय.

तिसरी चूक पावसाळ्यातली. कुंड्यांवरचं आच्छादन मी जूननंतरही तसंच जाड ठेवलं. त्याखाली गोगलगायी साठल्या आणि एका रात्रीत झेंडूची रोपं साफ! आता पावसाळ्यात थर पातळ करते. आणि कोणत्याही ऋतूत आच्छादन खोडाला चिकटू देत नाही, दोन-तीन बोटं जागा सोडते. नाहीतर खोड सडतं.

वर्षभराचा हिशेब

माघ-फाल्गुनात पानं गोळा करायची. त्यातली निम्मी लगेच कुंड्यांवर, वाफ्यांवर, झाडांच्या आळ्यांत वीतभर पसरायची. चैत्र-वैशाखात माती उघडी असली की वरून भाजते, पाणी घातलेलं उडून जातं. पांघरूण असलं की माती गार राहते, तणही कमी येतं. पूर्वी एप्रिलमध्ये मी कुंड्यांना दोन वेळा पाणी घालायची, आता सकाळी एकदा पुरतं. टँकरची वाट बघणाऱ्या घराला ही बचत किती मोठी, हे टँकरवाल्या भागातल्या बायकांनाच समजेल.

उरलेली निम्मी पानं ढिगात. उन्हाळाभर शिंपण आणि उलथापालथ. मृगाचा पाऊस सुरू झाला की ढिगावर जुनं प्लॅस्टिक टाकायचं, म्हणजे सत्त्व वाहून जात नाही. घटस्थापनेच्या सुमारास ढीग बसून चौथाई झालेला असतो. तो चाळायचा. जाडाभरडा भाग पुढच्या ढिगाला विरजण, बारीक भाग वाफ्याला.

दसरा ते दिवाळी हा वाफा भरण्याचा मुहूर्त. दोन भाग माती, एक भाग पानखत, मूठभर निंबोळी पेंड. मेथी आणि लाल माठ महिन्याभरात हाताशी येतात, पालकाला थोडे दिवस जास्त, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस, मुळ्याला दीड महिना, गाजराला तीन महिने. धणे पेरताना हाताने रगडून दोन करून घ्यावेत, हे सासूबाईंचं पेटंट. संक्रांतीच्या भोगीला आमच्या परातीत घरची गाजरं आणि घरचा घेवडा असतो. आणि त्याच दिवसांत बदामाची पहिली पानं लाल व्हायला लागतात.

फ्लॅटमधल्या मैत्रिणींनी नाराज होऊ नये. जुना प्लॅस्टिकचा क्रेट किंवा भोकं पाडलेला ड्रम गॅलरीत ठेवूनही हे सगळं होतं. पाने भरलेली कुंडी मातीच्या कुंडीहून पुष्कळ हलकी, गच्चीला भार होत नाही. खाली नारळाच्या शेंड्या, मग पाला दाबून, वर चार बोटं माती-खत. पाला बसत जातो तशी भर घालत जायची.

एकटीचं काम नव्हे

मला वाटायचं हे वेड माझं एकटीचंच. तसं नव्हतं. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि पालापाचोळ्यातून, थोड्या जागेत, थोड्या पाण्यात भरपूर पिकवता येतं हे असंख्य शेतकऱ्यांना आणि गच्चीवरच्या बागवाल्यांना शिकवलं. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' ही चळवळ सुरू केली. ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची, पान ना जाळायचं ना फेकायचं, असा साधा विचार. एकीचा कचरा तो दुसरीचा माल!

कायद्यानेही दखल घेतली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं, रस्त्यावर फेकायला आणि जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला. पण शेजाऱ्याला दंडाची भीती घालून गल्ली चालत नाही, हे आपण बायका जाणतो. आणि कचरा 'बाहेर' गेला म्हणजे तो कुणाच्या तरी दारात जातोच. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या अंगणातलं पान आपल्याच अंगणात जिरलं, तर तेवढं ओझं कमी.

आमच्या गल्लीत काय झालं, ते सांगून थांबते. सगळं गोड झालं असं नाही. दोन घरं अजून अधूनमधून काडी लावतात. तेव्हा मी भांडायला जात नाही. रिकामं पोतं घेऊन जाते आणि म्हणते, "वहिनी, मला द्या ना तुमची पानं. यंदा कमी पडताहेत." तीनदा मागितल्यावर चौथ्यांदा त्या आपणहून फाटकात आणून ठेवतात.

झाड काढून टाकू म्हणणाऱ्या काकांना गेल्या दिवाळीनंतर मेथीची पहिली जुडी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मुळाला लागलेली काळी माती बोटाने चुरली. म्हणाले काही नाहीत. पण माघात एका सकाळी बघते तर काका त्यांच्या पागोळीतली बदामाची पानं काढून आमच्या जाळीत टाकत होते. आणि अण्णा शेजारी उभे राहून त्यांना सांगत होते, "असं नाही, आधी चुरा करा. हं. आता पाणी मारा."

सकाळचे सात वाजले होते. खिडक्या उघड्या होत्या. मी आणि सासूबाई आतून ऐकत होतो. खराट्याचा आवाज येत होता, दुसरा नव्हता.

सासूबाईंनी बदामाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल, जाळी भरत आलीय. अजून एक आणायला हवी."